डोळ्यांनी केलेलं वजन

बोईसरच्या मासळी बाजारात जमना पागधरेचा डोळा म्हणजे काटा, असं सगळ्या कोळणी म्हणत. सरंगा हातात घ्यायचीही तिला गरज नसायची. टोपलीत नुसती नजर टाकून ती सांगायची, "हा आठशेचा, तो सव्वा किलोला थोडा कमी." नणंद सोजराबाई गिऱ्हाइकासमोर मुद्दाम काटा लावून दाखवायची आणि काटा जमनाच्या बाजूने कौल द्यायचा. मासा पोटाकडून बघायचा, पोट सांगतं तो भरलेला आहे की रिकामा, हे जमना एडवणच्या किनाऱ्यावर आईच्या मांडीला मांडी लावून शिकली होती.

लग्नानंतर भावाभावांत होडी वाटली गेली आणि तिचा नवरा धर्माजी समुद्र सोडून तारापूरच्या कारखान्यात पहारेकरी म्हणून लागला. कुंभवलीत त्यांनी एक खोली घेतली. जमना काही वर्षं सोजराबाईबरोबर बाजारात बसली. मग बोईसरच्या एका शाळेत झाडलोटीला लागली. तिथे एकदा विज्ञानाच्या राऊतबाई मुलांना माशाचे कल्ले दाखवत होत्या आणि त्यांना ते नीट कापता येईनात. दारात केरसुणी घेऊन उभ्या असलेल्या जमनाने "बाई, द्या इकडं" म्हणत दोन मिनिटांत कल्ले उघडून ठेवले. पुढच्या जूनमध्ये ती प्रयोगशाळेची परिचर झाली. सातवी पास होती, आकडे नीट लिहायची, काच फोडायची नाही. प्रयोगशाळेची किल्ली ती कमरेला खोवायची आणि रस्त्यात कुणी विचारलं तर "परिचर" हा शब्द जरा सावकाश उच्चारायची.

चंद्रकांता राऊत पालघरच्या. वय तिशीच्या आतबाहेर, आवाज हळू, माणसावर विश्वास टाकायची सवय. मुलं त्यांना घाबरत नसत, तरी त्यांच्या तासाला गडबड करत नसत. जमनाला त्या 'अहो जमनाबाई' म्हणत. शाळेत तिला 'अहो' म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

पंच्याऐंशी साली दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या आठवड्यात मनोरकडच्या दगडखाणीत काम करणारा नवशा शाळेत आला. त्याची मुलगी आठवीत होती. बाईंनी मुलांना सांगून ठेवलं होतं की वेगळा किडा, वेगळा प्राणी दिसला तर मारू नका, मला कळवा. नवशाने हातातला पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला आणि तो दोन पावलं मागे सरला.

"दगडाखाली व्हती. बाकीचे ठेचाया निघालं व्हतं. पन झाकान उगडू नका, बाई. चावली तं मानूस दवाखान्यात पोचाचा नाय."

बाईंनी झाकण उघडलं. आत वीतभर लांबीची पाल होती, पण घरातल्या पालीसारखी नव्हे. पिवळट अंगावर काळे ठिपके, जाड शेपूट, मोठं डोकं. भिंतीवर चढायला बोटांना गाद्या नव्हत्या, त्याऐवजी बारीक नख्या होत्या. आणि तिला पापण्या होत्या. उजेड पडला तशी तिने डोळे मिटले.

"विषारी नाही ही," बाई म्हणाल्या. "लोक उगाच मारतात बिचारीला. नवशा, तुम्ही फार चांगलं काम केलंत."

नवशाला ते पटलं नाही, पण कौतुक आवडलं. तो गेल्यावर बाई जमनाकडे वळल्या. "आपण ठेवू या हिला. मुलं निरीक्षण करतील. जमनाबाई, तुम्हाला भीती नाही ना वाटत?"

आता जमनाची गोष्ट अशी की तिला पालीची भीती नव्हती, दहशत होती. सात वर्षांची असताना झावळ्यांच्या छपरातून पाल तिच्या मानेवर पडून पोलक्यात शिरली होती. त्या दिवशी तिची वाचा बसली होती ती दुसऱ्या दिवशी परत आली. एडवणची घरची माणसं आणि धर्माजी सोडून हे कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात पाल दिसली की ती त्यालाच हाक मारायची.

पण प्रयोगशाळेत, बाईंसमोर, नुकत्याच मिळालेल्या किल्लीवर हात ठेवून ती म्हणाली, "मला? जिवंत पाकट मासळी शेपटीला धरून उचललीय मी, बाई. ही केवढीशी."

बाई हसल्या आणि तिथेच ते ठरलं.

मुलांनी पालीचं नाव ठिपकी ठेवलं. मासे मेल्यामुळे रिकामी पडलेली काचेची पेटी होती, तिच्यात माती, दोन कौलांचे तुकडे आणि पाण्याची वाटी ठेवली. बाईंनी मुंबईच्या एका प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं. त्यांचं चार पानी उत्तर आलं आणि बाईंनी ते जमनाला वाचून दाखवलं. रातकिडे आणि झुरळं खायला द्यावीत, पण डब्यात पाळलेल्या किड्यांत हाडांना लागणारा चुना फार कमी असतो. म्हणून ते आधी चुन्याच्या भुकटीत घोळवून मग सोडावेत. आठवड्यातून एकदा माशाच्या यकृताच्या तेलाचा एक थेंब, जास्त नको. दर आठवड्याला वजन करावं. आणि एका ओळीखाली प्राध्यापकांनी रेघ मारली होती. पोट पाहून फसू नये, शेपूट पाहावी, तिची चरबी शेपटीत असते. शेपूट मानेइतकी जाड असली तर पाल ठीक आहे.

'शेपूट बगून कोन वजन सांगतं?' जमनाच्या मनात आलं.

भुकटीचा प्रश्न मात्र तिनेच सोडवला. "आमच्याकडं किनाऱ्यावर समुद्रफेस वाहून येतो, बाई. माकुळ माशाच्या पाठीतलं हाड. पांढरं, हलकं, नखानं खरवडलं तरी पीठ पडतं. चुनाच हाय तो." रविवारी ती एडवणला गेली आणि पिशवी भरून समुद्रफेस घेऊन आली. बाईंनी तो हातात धरून मुलांना दाखवला आणि सांगितलं, "हे जमनाबाईंचं ज्ञान." त्या दिवशी जमना घरी जाताना उगाचच लांबच्या रस्त्याने गेली.

पहिल्या शनिवारी वजन बाईंनी केलं. ठिपकीला अलगद उचलून कापडी पिशवीत घातलं, पिशवी काट्यावर ठेवली, चिमट्याने पितळी वजनं चढवली, मग रिकाम्या पिशवीचं वजन वजा केलं. बेचाळीस ग्रॅम. वहीत तारीख, वजन आणि भुकटी दिल्याची खूण असे तीन रकाने आखले. "पुढच्या शनिवारपासून तुम्ही," बाई म्हणाल्या. "मला दहावीचे जादा तास आहेत."

पुढच्या शनिवारी शाळा लवकर सुटली. जमनाने दार लावून घेतलं, पिशवी उघडून ठेवली, पेटीवरची जाळी काढली आणि कौल उचललं. ठिपकी चारी पायांवर ताठ उभी राहिली. शेपूट सापासारखी हळूहळू हलली आणि तिच्या गळ्यातून एक बारीक फुसकारा निघाला. जमनाचा हात हवेतच राहिला. पाठीतून, पोलक्याच्या आतून, तेच थंडगार काहीतरी सरकलं. तिने कौल टाकलं, जाळी लावली आणि स्टुलावर बसून राहिली.

मग तिने काचेतून पाहिलं. नीट, सावकाश, बाजारात बघायची तसं. पोट जरा भरल्यासारखं वाटलं. त्रेचाळीस, ती मनाशी म्हणाली. आणि वहीत ४३ लिहिलं.

हे खोटं आहे असं तिला वाटलं नाही. तिचा डोळा चुकत नसे हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. काट्याने केलं काय नि डोळ्यांनी केलं काय. पण वही मिटताना तिने दाराकडे पाहिलं होतं, एवढं तिला नंतर आठवत राहिलं.

त्यानंतर दर शनिवारी तेच झालं. ४४, ४५, ४५, ४७. एकदा तिने मुद्दाम तोच आकडा परत लिहिला, म्हणजे खरं वाटेल. आपण 'खरं वाटेल' असा विचार केला, याच्यापाशी ती थांबली नाही.

भुकटी तिने पहिला महिना इमानाने दिली. डब्यात पीठ आणि रातकिडे घालून डबा हलवायचा, मग पेटीत उपडा करायचा. पण रातकिडे बाहेर उड्या मारायचे, टेबलाखाली शिरायचे, आणि रिकामा डबा परत काढायला पेटीत हात घालावा लागायचा. तिने चिमट्याने एकेक किडा वरून सोडायला सुरुवात केली, तसाच, कोरडा. डोंगरातल्या पालीला कोण पीठ चोळून जेवण वाढतं, असं तिने स्वतःला समजावलं. तेलाची बाटली कपाटात मागे गेली. तिसऱ्या रकान्यातली खूण मात्र चुकली नाही.

जानेवारीच्या अखेरीला ठिपकीचं पोट गोल दिसू लागलं. जमनाला खरोखरच आनंद झाला. तिने बाईंना बोलावून दाखवलं. तासाला जाता जाता बाई काचेपाशी वाकल्या. ठिपकी अर्धी कौलाखाली होती, शेपूट आत. "अरे वा, काय छान अंगानं भरलीय!" म्हणून त्या गेल्या. त्या शनिवारी जमनाने ५४ लिहिलं.

फेब्रुवारीत पालघरला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. आठवीच्या मुलांनी जमनाच्या वहीवरून आलेखाच्या कागदावर मोठा आलेख काढला होता. बारा शनिवार, बारा ठिपके, आणि त्यांना जोडणारी लाल रेघ, बेचाळीसपासून सत्तावन्नपर्यंत चढत गेलेली. खाली सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'वजन व नोंदी: श्रीमती जमना धर्माजी पागधरे'. छापल्यासारखं आपलं नाव जमनाने प्रथमच पाहिलं. तिने ते दोनदा वाचलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मुलं भोवती नाचत होती आणि ती म्हणाली, "बरं दिसतं."

ठिपकीला एका डब्यात घालून, काटा टोपलीत बांधून सगळे एसटीने पालघरला गेले. प्रदर्शनात त्यांच्या टेबलापाशी गर्दी झाली. परीक्षकांत एक निवृत्त गुरांचे डॉक्टर होते, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. ते आलेखाकडे बघत राहिले. मग ठिपकीकडे. मग परत आलेखाकडे.

"वजन कोण करतं?"

"आमच्या जमनाबाई," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी जमनाच्या पाठीला हात लावून तिला पुढे केलं. "एकही शनिवार चुकला नाही त्यांचा."

"मग आत्ता करून दाखवा," डॉक्टर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच बघायचं होतं.

जमनाने पिशवी हातात घेतली. डब्याचं झाकण काढलं. ठिपकीने मान वर केली. आठवीची मुलं, दुसऱ्या शाळांचे मास्तर, कुणाकुणाच्या आया, सगळे बघत होते. जमनाने हात पुढे केला आणि अर्ध्यावरून मागे घेतला. तिने परत प्रयत्न केला. पिशवी खाली पडली. मागून कुणीतरी हसलं. नवशाची मुलगी पुढच्या रांगेत होती. ती हसली नाही, टक लावून जमनाच्या हाताकडे बघत राहिली.

शेवटी बाईंनीच ठिपकीला उचललं. पिशवीत घातलं, काट्यावर ठेवलं. वजनं चढवली, उतरवली, पुन्हा उतरवली. अडतीस ग्रॅम.

बाईंनी जमनाकडे पाहिलं. फार थोडा वेळ पाहिलं. मग त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "एसटीत काटा हलला असेल. नाही का, जमनाबाई?"

बाईंनी वाट करून दिली होती. 'नाही' म्हणायला एक शब्द पुरला असता.

"हो, बाई," जमना म्हणाली. "काटा हाललाय."

डॉक्टरांनी काही वाद घातला नाही. ठिपकीला तळहातावर घेऊन त्यांनी उलटं केलं आणि बाईंना जवळ बोलावलं. पोटाच्या पातळ कातडीतून दोन लांबट पांढुरके गोळे दिसत होते. "ही अंडी आहेत. पोट अंड्यांनी फुगलंय, चरबीनं नाही. चरबी इथे बघायची." त्यांनी शेपूट दाखवली. आणली तेव्हा ती बोटाएवढी जाड होती, आता सुकलेल्या शेंगेसारखी झाली होती. "आणि हे पुढचे पाय बघा, बाहेर वाकलेत. जबडा दाबला तर लवतो. अंड्यांना चुना लागतो. खाण्यातून मिळाला नाही तर ती स्वतःच्या हाडांतला काढून देते. चुन्याची भुकटी देता का?"

"रोज," बाई म्हणाल्या. "खूण आहे वहीत." आणि त्यांनी वहीचं पान उलटलं, तिथे जमनाच्या हातच्या खुणा ओळीने उभ्या होत्या, एकसारख्या, टपोऱ्या.

डॉक्टर म्हणाले, "मग मला कळत नाही हे असं का झालं." त्यांनी चष्मा काढून पुसला. जमनाला वाटलं, यांनी मला मुस्कटात मारली असती तर बरं झालं असतं.

परतीच्या एसटीत ठिपकीचा डबा बाईंच्या मांडीवर होता. काटा खराब निघाला म्हणून आपलं बक्षीस गेलं, असं एक मुलगा दुसऱ्याला सांगत होता. जमना पुढच्या बाकावर बसली होती, तिने मान वळवली नाही.

घरी आल्यावर तिने भात टाकला आणि चुलीपुढे बसूनच राहिली. धर्माजीने विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. तो आधी हसला. "पालीच्या वजनापायी तोंड पाडून बसलीस? मासा चोरलास का कोनाचा?"

"तसं नाय. मला हात लावायची भीती वाटली, ती मी सांगितली नाय. म्हनून आकडे लिवले. म्हनून ती आता वाकडी झाली. आनि बाईंना तिथं सगळ्यांच्या समोर माज्यासाठी खोटं बोलायला लागलं."

धर्माजी हसायचा थांबला. "मग सोमवारी सांग."

"कसं सांगू?"

"ते मला काय ठाऊक," तो म्हणाला. "मी असतो तर नसतं सांगितलं." हे बोलून तो ओशाळला आणि बाहेर जाऊन बसला.

सोमवारी जमना शाळा भरायच्या आधी गेली. बाई प्रयोगशाळेतच होत्या. कपाटातला समुद्रफेस काढून खरवडत होत्या. जमना दारात उभी राहिली आणि तिने एका दमात सांगितलं. काटा चांगला आहे. पहिला सोडून अकराही आकडे डोळ्यांनी लिहिले. एकदाही उचललं नाही. पहिल्या महिन्यानंतर भुकटी दिली नाही. तेल तर कधीच नाही. मला पालीची लहानपणापासून भीती आहे.

बाई खरवडत राहिल्या. हातातला तुकडा संपला तेव्हा म्हणाल्या, "मला शनिवारी काट्यावरच कळलं होतं."

"मग तुमी..."

"मला वाटलं, तुम्ही तिथल्या तिथे सांगाल. मी तुम्हाला संधी देत होते की लपवत होते, हे माझं मलाच अजून कळलेलं नाही." त्यांचा आवाज जरा चढला, आणि तो चढलेला जमनाने प्रथमच ऐकला. "भीती वाटते म्हणाला असतात तर मी केलं असतं हो वजन! पाच मिनिटांचं काम. आणि मी तरी काय केलं? तीन महिने काचेतून बघून 'अरे वा' म्हणत राहिले. मुलांनी आलेख काढला, जमनाबाई. खऱ्या आकड्यांचा समजून."

"मी सांगते त्यांना," जमना म्हणाली.

तिसऱ्या तासाला ती बाईंबरोबर आठवीच्या वर्गात जाऊन उभी राहिली. चाळीस मुलं. फळ्याशेजारी तो आलेख अजून टांगलेला. तिने पदर दोनदा सावरला.

"काटा हालला नव्हता," ती म्हणाली. "आकडे माजे होते. मी ठिपकीला उचललंच नाय. मला पालीची भीती वाटते. आनि भुकटी दिली असं लिवलं, ती पन दिली नाय. तिचे पाय त्यानंच वाकले."

मागच्या बाकावर कुणी तरी खुदकन हसलं, पण ते तिथेच विझलं. नवशाची मुलगी उठली. "म्हंजी आमचा आलेख खोटा?"

"हो."

"सगळा?"

"पयला ठिपका खरा. बाईंचा. बाकी सगळा."

मुलगी पुढे आली, स्टुलावर चढली आणि आलेख काढून तिने गुंडाळला. जमनाला तो देऊ की बाईंना, हे तिला कळेना. शेवटी तिने तो टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. बाईंनी फळ्यावर नवा आलेख आखला आणि बेचाळीसचा ठिपका काढून पुढे अकरा आठवडे मोकळे सोडले. मग अडतीसचा ठिपका काढला.

त्या आठवड्यात ठिपकीने दोन अंडी घातली, चुरगळलेली, पिवळी पडलेली. त्यांतून काही निघणार नव्हतं. मग ती इतकी अशक्त झाली की समोरचा रातकिडाही तिला पकडता येईना. जबडा मिटेना. बाईंनी विचारल्यावर डॉक्टरांनी पत्रातून कळवलं होतं की किड्याचा मऊ भाग भुकटीत मळून ओठांना लावा, ती चाटेल. सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडा वेळ ठेवा. आणि हे सगळं तिला हातात धरूनच करायला हवं होतं.

बाई म्हणाल्या, "मी करते."

"नाय बाई. मीच."

पहिल्या दिवशी तिने नुसता पालथा हात पेटीत ठेवला आणि डोळे मिटून शंभर आकडे मोजले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बाईंनी ठिपकीला तिच्या तळहातावर ठेवलं. जमनाच्या घशातून बारीक आवाज निघाला, डोळ्यांतून पाणी आलं, पण हात हलला नाही. पाल थंड नव्हती, ओलसर नव्हती. कापडासारखी मऊ होती आणि तिच्यात वजन असं नव्हतंच. तिने जमनाकडे पाहिलं आणि डोळे मिटले. तिच्या पोटातली धडधड जमनाला तळहाताला जाणवली. एवढ्याशा जिवाला आपण भ्यालो, आणि त्या भीतीची भरपाई हिच्या हाडांतून झाली, हे तिला त्या क्षणी जितकं लखलखीत कळलं तितकं वर्गासमोरही कळलं नव्हतं.

चैत्र संपेपर्यंत ठिपकी स्वतः खायला लागली. पावसाळ्यात तिची शेपूट भरली. पुढच्या दिवाळीला ती अठ्ठेचाळीस ग्रॅमची झाली, काट्यावर, दोनदा तपासून. पण पुढचे पाय तसेच राहिले, कोपरातून बाहेर फाकलेले. चालताना ती छाती जमिनीला घासत चालायची. वाकलेलं हाड परत सरळ होत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दर सकाळी प्रयोगशाळा उघडली की जमनाला ती घासत येताना दिसायची.

बाजारात सोजराबाईच्या हळूहळू लक्षात आलं की जमना आता वजन सांगत नाही. "बग गो जरा, हा घोळ मासा केवढ्याचा?" असं विचारलं की ती म्हणायची, "काट्यावर घाल." सोजराबाईला वाटलं, शाळेत जाऊन हिला माज आला. जमनाने तिला तसं वाटू दिलं.

राऊतबाई ब्याण्णव साली पालघरच्या शाळेत गेल्या. जाताना त्यांनी प्राध्यापकांचं चार पानी पत्र जमनाला दिलं. दोघींमध्ये त्या शनिवारांचा विषय परत कधी निघाला नव्हता. बाई तिला अजूनही 'अहो जमनाबाई' म्हणत, पण वहीवर मात्र दर महिन्याला एकदा स्वतः काट्यावर तपासून सही करत. जमनाला त्याचा राग आला नाही. सही होताना ती बाजूला उभी राहायची आणि काट्याकडे बघायची.

त्यांच्या जागी नवे सर आले, तरुण, घाईतले. पहिल्याच दिवशी पेटीत डोकावून त्यांनी विचारलं, "हिचे पाय असे का हो?"

आणि जमना म्हणाली, "आनली तवाच तशी होती."

कसं निघालं तोंडातून, तिलाच कळलं नाही. इतकी वर्षं दर जूनमध्ये नव्या आठवीला ती सगळं सांगत आली होती, स्वतःहून. मुलांना सांगणं जमायचं. पण नव्या माणसाच्या पहिल्या नजरेत आपण तशा दिसायला नको, एवढ्यासाठी ते वाक्य आपोआप निघून गेलं होतं. सर "बरं" म्हणून गेले. जमना घरी आली, जेवली नाही. धर्माजीने काय झालं विचारलं तर "काय नाय" म्हणाली, आणि तेही खोटंच बोललो हे तिच्या लक्षात आलं.

सकाळी ती सरांच्या टेबलापाशी गेली. ते हजेरीपट भरत होते.

"सर, काल मी तुमाला खोटं सांगितलं. ठिपकी आनली तवा धड होती. माज्या हातनं वाकडी झाली." आणि तिने सगळं सांगितलं, खाणीपासून प्रदर्शनापर्यंत.

सरांनी मान वर केली, पुन्हा हजेरीपटात घातली. "अहो, सात वर्षं झाली ना त्याला? आणि पालच ती. एवढं काय मनाला लावून घेता?"

ते चांगल्या मनाने म्हणाले होते.

"तिची भुकटी संपत आलीय," ती म्हणाली. "रविवारी एडवणला जाऊन आनते."

"आणा की," सर म्हणाले.

घंटा झाली. ती आत गेली आणि सहावीच्या प्रयोगासाठी परीक्षानळ्या मोजून मांडायला लागली.